ठसा एक, चित्रे अनेक



लंडनच्या आग्नेय भागात, थेम्स नदीकाठी, वूलविच येथे ब्रिटिश साम्राज्याच्या तोफा आणि दारूगोळा तयार होत असे. तो कारखाना १९६७ साली बंद पडला. त्याच आवारात २०१६ साली समकालीन मुद्राचित्रांची एक जत्रा सुरू झाली. जेथे मरणाची साधने घडली तेथे लाकूड, लिनोलियम, दगड व तांब्याचे पत्रे यांवरून उमटलेली चित्रे विक्रीस मांडली गेली, ही घटना स्वागतार्हच आहे.

परंतु अशा जत्रेत फिरणाऱ्याने चित्राखाली पेन्सिलीने लिहिलेला अपूर्णांक अवश्य वाचावा. ७/५० याचा अर्थ, पन्नास प्रतींपैकी ही सातवी. एक्कावन्नावी निघणार नाही. ही मर्यादा कोणी घातली?

काही वेळा ती निसर्गानेच घातलेली असते. तांब्याच्या पत्र्यावर सुईने थेट ओरखडून काढलेल्या चित्रात रेषेच्या कडेला धातूची जी बारीक कोर उभी राहते, ती यंत्राच्या दाबाने काही डझन प्रतींतच झिजते. शिळाछापाची किंवा लिनोच्या ठशाची गोष्ट वेगळी. त्यावरून शेकडो प्रती निघू शकतात. खर्च मुख्यतः ठसा घडविण्याचा. पुढील प्रत्येक प्रतीस कागद, शाई आणि श्रम एवढेच लागते. तरीही पन्नासावर थांबून ठसा खोडून टाकण्याची प्रथा आहे. १९३०च्या दशकातील मंदीत भाव टिकविण्यासाठी ब्राझीलने कॉफीची पोती जाळली, त्याच तर्कशास्त्राचे हे सभ्य रूप होय.

याच कलेला दुसराही इतिहास आहे. १९३७ साली लिओपोल्दो मेंदेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिको शहरात लोकमुद्रणाची कार्यशाळा काढली आणि कामगार-शेतकऱ्यांच्या लढ्यांसाठी स्वस्त कागदावर चित्रे छापली. आपल्याकडे चित्तप्रसाद यांनी बंगालच्या दुष्काळाची रेखाटने १९४३ साली पुस्तकरूपाने आणली. सरकारने प्रती जप्त करून जाळल्या. पुढे मुंबईत राहून त्यांनी लिनोच्या ठशांतून राबणाऱ्या मुलांचे बालपण चितारले. सत्ता भिते ती चित्राच्या प्रसाराला, हे त्या जप्तीने सिद्ध केले.

म्हणून मर्यादित आवृत्ती काढणाऱ्या कलावंताला दोष द्यावा काय? तसे करणे अन्यायाचे ठरेल. त्याला पगार नाही, निवृत्तिवेतन नाही. प्रतींची संख्या बांधून घेणे हा त्याच्या उपजीविकेचा आधार आहे. शिवाय रंगचित्र परवडत नाही अशा शिक्षकाला वा कारकुनाला मूळ कलाकृती घरी नेता येते ती मुद्राचित्रामुळेच. प्रश्न कलावंताच्या नीतीचा नाही. छापयंत्र कोणाचे आणि कलावंताच्या पोटाची हमी कोणाची, हा आहे.

याचे उत्तर शोधण्यास वूलविचबाहेर जावे लागत नाही. त्याच शस्त्रकारखान्याच्या कामगारांनी १८६८ साली आपली सहकारी संस्था काढली होती. ती शतकाहून अधिक काळ चालली. एकट्याला न परवडणारी वस्तू सर्वांनी मिळून घ्यावी, हे तिचे साधे सूत्र. अनेक चित्रकारांनी मिळून चालविलेली मुद्रणशाळा हे त्याच सूत्राचे कलेतील रूप आहे. संग्राहकांसाठी मोजक्या प्रती निघोत. परंतु त्याच ठशावरून शाळा, वाचनालये आणि कामगारवस्त्या यांसाठी स्वस्त, बिनआकड्याची आवृत्तीही निघावी. दोन्हींचा मोबदला कलावंताला मिळावा, आणि स्वस्त आवृत्तीचा भार संघटनांनी उचलावा.

कार्यकर्त्यांनी अशा जत्रांकडे श्रीमंतांची करमणूक म्हणून पाठ फिरवू नये. तेथे जावे, चित्र डोळे भरून पाहावे आणि आदराने दोन प्रश्न विचारावेत: हे कोणाच्या यंत्रावर छापले? आणि पन्नासावरच का थांबले?