मूत्रपिंडाचे कार्य आणि औषधाची मात्रा



मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही भारतात दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराची प्रमुख कारणे होत. हे रुग्ण वर्षानुवर्षे औषधे घेतात आणि त्यांतील अनेक औषधे मूत्रपिंडावाटेच शरीराबाहेर पडतात. मूत्रपिंडे दुबळी झाली की ती रक्तात साचतात व नेहमीची मात्राही अपायकारक ठरते.

हे दुबळेपण सहजी लक्षात येत नाही. समजा, ७० वर्षांची, ४० किलो वजनाची एक शेतमजूर स्त्री गुडघेदुखीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात आली. रक्तदाबासाठी तिला एनालाप्रिल आणि लघवी वाढविणारी गोळी चालू आहे. रक्तातील क्रिएटिनिन १.२ मिलिग्रॅम. घाईच्या वेळी हा आकडा कोणालाही ठीकच वाटेल. परंतु क्रिएटिनिन स्नायूंपासून तयार होते, आणि या कृश देहात स्नायू ते किती असणार? कॉक्रॉफ्ट व गॉल्ट यांचे १९७६ मधील सूत्र येथे उपयोगी पडते. १४० मधून वय वजा करून वजनाने गुणावे, क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागावे आणि स्त्रीच्या बाबतीत उत्तरास ०.८५ ने गुणावे. या स्त्रीचे उत्तर मिनिटाला सुमारे २७ मिलिलिटर येते. निरोगी तरुण व्यक्तीत ते शंभराच्या आसपास असते.

हा आकडा हाती आला की डिगॉक्सिन, गॅबापेंटिन, जेंटामायसिन यांची मात्रा घटवावी लागते किंवा दोन मात्रांतील अंतर वाढवावे लागते. ग्लिबेनक्लामाइडने रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. गाळणक्षमता ३० च्या खाली गेल्यास मेटफॉर्मिन देऊ नये. मात्र भीतीपोटी उपचार अर्धवट ठेवणेही घातक आहे. गंभीर जंतुसंसर्गात प्रतिजैविकाची पहिली मात्रा सहसा पूर्णच द्यावी लागते.

सर्वाधिक दक्षता हवी ती वेदनाशामकांबाबत. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांमुळे मूत्रपिंडाकडे येणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. वर उल्लेखिलेल्या दोन गोळ्यांच्या जोडीला ही तिसरी आली, त्यातच जुलाब-उलट्या किंवा उन्हातील कष्टांनी शरीरातील पाणी घटले, तर मूत्रपिंड अचानक निकामी होऊ शकते. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे त्यांचे मृतदेह खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि २००६ मध्ये पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. माणसांसाठी हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. तरी बाजाराच्या दिवशी ते 'अंगदुखीची गोळी' म्हणून सुटे मिळते, ही खेदाची गोष्ट आहे.

२०१६ पासून प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाद्वारे दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना डायलिसिस मोफत मिळते. तथापि आठवड्यातून दोन-तीन वेळा जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे, सोबतच्या माणसाची मजुरी बुडणे, हा भार त्या कुटुंबावरच पडतो.

त्या स्त्रीला योग्य मात्रेत पॅरासिटामॉल व गुडघ्याला शेक सुचविता येईल. केसपेपरवर वय आणि वजनाशेजारी '२७' हा आकडा ठळक लिहिला, तर पुढील वेळी तपासणारा डॉक्टर आणि औषध देणारा औषधनिर्माता, दोघेही हात आखडता घेतील.