पाचशे किलोमीटरवरची गॅलरी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माझं घर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आणि नोकरी वावरला. २००६ साली नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा आमच्या शेजारी अमरावतीकडचं एक कुटुंब भाड्यानं राहत होतं. त्यांनी सांगितलं, वावर म्हणजे शेत. वडिलांनी पत्र पुन्हा एकदा हातात घेतलं आणि विचारलं, "शाळा रानात हाय व्हय रं?" वावर हे जव्हार तालुक्यातलं गाव. १९९२ साली वावर-वांगणी ही जोडी कुपोषणाच्या बातम्यांमुळे साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाली आणि मग महाराष्ट्र ती बऱ्यापैकी विसरलाही. तेव्हा जिल्हा ठाणे होता. पालघर जिल्हा झाला तो २०१४च्या ऑगस्टमध्ये.

मी शिक्षणसेवक म्हणून आलो. मानधन महिन्याला ३००० रुपये. एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि एक फुटबॉल एवढं सामान होतं. ट्रंकेत काय आहे हे जव्हारच्या एसटी स्टँडवर कुणी विचारलं नाही, पण फुटबॉलबद्दल तिघांनी विचारलं.

आता कोल्हापूरच्या बाहेरच्या श्रोत्यांसाठी थोडं सांगायला हवं. कोल्हापूर म्हटलं की लोकांना कुस्ती आठवते, अंबाबाई आठवते, तांबडा-पांढरा रस्सा आठवतो. पण तिथं फुटबॉल आहे आणि तो तालमींचा फुटबॉल आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात तालमींना जे बळ मिळालं त्यातून पेठापेठांत मल्ल तयार झाले. पुढं त्याच तालमींच्या पोरांनी फुटबॉलच्या टीम उभ्या केल्या. म्हणून आमच्या क्लबांची नावं बघा. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ. शिवाजी तरुण मंडळ आहे, प्रॅक्टिस क्लब आहे, फुलेवाडी क्रीडा मंडळ आहे. एकाच तालमीत गणपती बसतो, मोहरमला पंजा बसतो आणि तिथल्याच कोपऱ्यात टीमचे बूट वाळत असतात. विश्वचषक आला की पेठा ब्राझील आणि अर्जेंटिना अशा वाटल्या जातात, घराएवढे कटआउट उभे राहतात. पण तो चार वर्षांतून एकदा येणारा पाहुणा. घरचं भांडण शाहू स्टेडियमवर.

मी पाटाकडीलचा. आम्ही पीटीएम म्हणतो. ही निवड मी केलेली नाही, जसं आडनाव मी निवडलेलं नाही. सहा-सात वर्षांचा असताना वडिलांनी सायकलच्या नळीवर बसवून स्टेडियमला नेलं आणि गॅलरीच्या दगडी पायरीवर टॉवेल टाकून म्हणाले, "हितं बस. आपली कुठली ते आपोआप कळंल." खरोखरच कळलं. समोर शिवाजी किंवा दिलबहार असली की शहरात दुपारी तीनपासूनच वारं बदलतं. मॅचपेक्षा ईर्षा मोठी. या ईर्षेतून कधी मारामाऱ्या होतात, दगड पडतात, पोलिसांना मध्ये पडावं लागतं. त्याचं समर्थन मी करणार नाही. आपल्या टीमवर प्रेम आहे म्हणून दुसऱ्याचं डोकं फोडणाऱ्याला माझ्या लेखी खेळ कळलेला नाही, मग तो माझ्याच पेठेतला का असेना.

तर असा मी, पाचशेहून जास्त किलोमीटर दूर. सुरुवातीची दोन-तीन वर्षं वाईट गेली. वावरला तेव्हा मोबाइलला रेंज नव्हती. बाजाराच्या दिवशी जव्हारला जाऊन एसटीडी बूथवरून घरी फोन करायचा. आधी आईची तब्येत, मग वडिलांची, आणि मग मीटरकडे एक डोळा ठेवून, "काय झालं?" धाकट्या भावाला कळायचं काय विचारतोय ते. तो दोन वाक्यांत सांगायचा. सविस्तर वृत्तांताची कात्रणं तो टपालानं पाठवायचा, ती आठ-दहा दिवसांनी पोचायची. निकाल माहीत असलेली मॅच दहा दिवसांनी वाचायची आणि तरीही छाती धडधडते, हा अनुभव ज्यांनी घेतला नसेल त्यांना सांगून पटणार नाही.

मग भावाकडे मोबाइल आला, माझ्याकडेही आला. शाळेच्या मागे टेकाडावर एक मोहाचं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी रेंज सापडली. मॅचच्या दिवशी चार वाजता मी तिथं जाऊन बसायचो. भाऊ फोन लावायचा आणि शर्टाच्या खिशात ठेवून द्यायचा. बोलायचा नाही, कारण त्यालाही मॅच बघायची असायची. मला फक्त आवाज यायचा. हळूहळू मला त्या आवाजातली मॅच दिसायला लागली. कॉर्नर मिळाला की आवाज आधी चढतो आणि मग एकदम दबतो, श्वास रोखल्यासारखा. फ्री किक चुकली की शिव्या आधी आणि हळहळ नंतर. गोल आपला झाला की पहिली हलगी आणि मग माणसं. समोरच्यांचा झाला तर आवाज येतो, पण लांबून येतो, पलीकडच्या गॅलरीतून. आपल्या खिशाभोवती शांतता. ती शांतता ओळखायला मला एकच मॅच लागली.

बंगाली लोकांचं असंच ऐकलं होतं. मोहन बागाननं १९११ साली गोऱ्या सैनिकांच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली, ती गोष्ट त्यांच्याकडे अजून काल घडल्यासारखी सांगतात. फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्यांसाठी ईस्ट बंगाल हा क्लबच गावाची जागा झाला. ईस्ट बंगाल जिंकली तर घरात हिलसा शिजायची, मोहन बागान जिंकली तर कोळंबी. आमच्याकडे ही भानगड नाही. जिंको वा हारो, रस्सा तोच.

आणखी एक गंमत. पुढच्या काळात कोल्हापूरच्या तालमींनी बाहेरचे खेळाडू आणायला सुरुवात केली, अगदी आफ्रिकेतले सुद्धा. भाऊ सांगायचा, ते पेठेतच खोली घेऊन राहतात. मला टेकाडावर बसून त्यांचं कौतुक वाटायचं आणि थोडा हेवाही. तेही घरापासून लांब, पण माझ्या घरी!

आता वावरच्या पोरांकडे येतो. इथं सपाट जागा म्हणजे चैन. शाळेसमोरचं मैदान उताराचं, खाली नागलीची शेतं, त्याखाली ओहोळ. पोरांनीच नियम केला, ज्याच्या पायाला लागून चेंडू ओहोळात जाईल त्यानंच आणायचा. त्यामुळे आमच्याकडे जोरात मारणारे कमी आणि चेंडू पायाशी ठेवणारे जास्त निघाले. टीमची वाटणी करायची वेळ आली तेव्हा एका बाजूचं नाव मी पाटाकडील ठेवलं. दुसऱ्या बाजूला शिवाजी म्हणा म्हटलं तर दुसऱ्या बाजूला कुणी जाईना. गुरुजींची टीम ती आपली टीम, एवढा साधा हिशेब. कोल्हापूर यांच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं.

पण कोल्हापूरचा मोसम थंडीत सुरू होतो आणि पावसाआधी संपतो, आणि जव्हार-मोखाड्यात नेमक्या त्याच महिन्यांत वर्ग रिकामे होतात. भात झोडून झालं, दिवाळी सरली की कुटुंबंच्या कुटुंबं भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर जातात. मालकाकडून बयाणा घेतलेला असतो, आठवड्याला खर्ची मिळते, बाकीचा हिशेब पावसाच्या तोंडाशी. मधे होळीला घरी येतात, कारण होळी आणि बोहाडा चुकवणं म्हणजे गाव चुकवणं. माणूस कुठंही असो, बोहाड्याची सोंगं बघायला रात्रीचा प्रवास करून येतो. मला हे समजावून घ्यावं लागलं नाही. पटावर चाळीस नावं आणि समोर सतरा पोरं, अशी हजेरी मात्र मी बरीच वर्षं घेतली.

२०१६ सालची गोष्ट. सातवीतला एक मुलगा दिवाळीनंतर असाच गेला. हुशार होता, उतारावर चेंडू थांबवणारा. त्या मोसमात आमची टीम एका स्पर्धेच्या फायनलला आली आणि मी तीन वर्षांनी पहिल्यांदा फायनल बघायला जायचं ठरवलं. शनिवारी सकाळची शाळा करून निघायचं, वाडा, भिवंडी, कल्याण, रात्रीची गाडी, रविवारी सकाळी कोल्हापूर. वडिलांना फोन केला. म्हणाले, "टॉवेल टाकून ठेवतो."

शुक्रवारी रात्री अनोळखी नंबरवरून फोन. तो मुलगा. भट्टीवरच्या कुणाचा तरी मोबाइल मागून घेतलेला. "गुरुजी, परवा आपली फायनल ना? जिकली का ते या नंबरला सांगाल?" मी विचारलं, कुठं आहेस. अंबाडीच्या पुढं, म्हणाला. मी विचारलं, पुस्तकं नेलीस का. त्यावर तो काही बोलला नाही, फोन बंद झाला.

शनिवारी एसटीत बसलो तेव्हा तिकीट कल्याणचं काढलं होतं. अंबाडी गेली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भट्ट्यांचा धूर दिसायला लागला आणि मी उठून कंडक्टरला बेल मारायला सांगितली. का, ते विचाराल तर मला धड सांगता येणार नाही. तिसऱ्या भट्टीवर तो सापडला. अंगभर माती, कडेवर धाकटी बहीण. बाप बाहेर गेला होता, रात्री उशिरा आला. रात्रभर आम्ही बोललो. बापाचं म्हणणं खोटं नव्हतं. पोरगा कच्च्या विटा उचलतो, त्यानं हिशेबात फरक पडतो. शेवटी असं ठरलं की पोरानं आजीकडे राहायचं आणि परीक्षा द्यायची. हंगामी वसतिगृहाची योजना होती, तिचा अर्ज माझ्याकडे लागला.

रविवारी दुपारी त्याला घेऊन मी उलट्या दिशेच्या एसटीत बसलो. चार वाजता भावाचा फोन आला आणि खिशात गेला. मोबाइल आम्ही दोघांच्या कानांच्या मध्ये धरला. वाड्यापर्यंत आवाज नीट होता. पुढं तुटत गेला. मी त्याला सांगत होतो, ही हलगी, हा कॉर्नर, हे पंचाला बोलतायत. बरोबरी झाली, टायब्रेकर लागला, आणि विक्रमगडच्या पुढं चढाला लागल्यावर रेंज गेली ती गेलीच. जव्हारच्या स्टँडवर उतरल्यावर कळलं, हरलो.

रात्री वडिलांना फोन लावला. काय बोलावं सुचत नव्हतं. तेच म्हणाले, "बरं झालं आला न्हाईस. बघवत न्हवतं." टॉवेलबद्दल ते बोलले नाहीत. ते भावानं नंतर सांगितलं. गॅलरी गच्च भरली तरी त्यांनी हाफ टाइमपर्यंत ती जागा कुणाला दिली नव्हती.

पुढच्या मोसमात त्यांचे गुडघे गेले, गॅलरीच्या पायऱ्या चढवेनात. २०१९च्या पावसाळ्यात ते गेले. त्यांच्या शेजारी बसून मॅच बघायची ती शेवटची संधी होती आणि ती अंबाडीच्या पुढं उतरली. मी याचा हिशेब करत नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. करतो. दर वेळी उत्तर वेगळं येतं.

मधल्या काळात बऱ्याच गोष्टी घडल्या. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला. त्याआधी १५ सप्टेंबरला राज्यभर शाळाशाळांत फुटबॉल खेळला गेला, आमच्या शाळेतही नवा चेंडू आला. भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. भारत तिन्ही सामने हरला, पण कोलंबियाविरुद्ध जिकसन सिंगनं डोक्यानं मारलेला गोल हा विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. माझ्या पोरांना मात्र अनिकेतचंच पडलं होतं. "गुरुजी, ह्यो तुमच्या गावचा?" मी मान डोलावली, जणू मीच त्याला पास दिले होते.

आंतरजिल्हा बदलीचा अर्ज मी दोनदा भरला. दोन्ही वेळा नाव लागलं नाही. तिसऱ्या वेळी भरलाच नाही. याला कुणी त्याग म्हटलं की मला हसू येतं. बायकोची नोकरी जव्हारला आहे, मुलगी इथंच वाढली, ती माझ्यापेक्षा वारली बोली चांगली बोलते. आणि कोल्हापूरला गेलो असतो तरी ती पायरी तशी राहिली नसती.

आता मॅच मोबाइलवर दिसते. भावानं लिंक पाठवली की आम्ही मोबाइल शाळेच्या खिडकीत उभा करतो, पुढं पोरं दाटीनं बसतात. चित्र अडकतं, गोल दिसायच्या आधीच भावाचा मेसेज येऊन पोचतो. मला मात्र सवयीनं मधेच डोळे मिटावेसे वाटतात. नुसत्या आवाजावर मॅच जास्त स्पष्ट दिसते.

तो मुलगा बोईसरला कारखान्यात कामाला आहे. त्याच्याकडे माझ्यापेक्षा चांगला मोबाइल आहे, मॅच त्यालाही दिसते. तरी मॅच संपली की साडेसहाच्या सुमाराला त्याचा फोन येतो. "गुरुजी, आपली जिकली का?" मी आधी विचारतो, जेवलास का. मग स्कोअर सांगतो.