सही करण्याआधी



खारदांड्याच्या कोळीवाड्यात बाई सहजासहजी म्हातारी होत नाही. सत्तरी उलटली तरी पहाटे उठून मावरं आणते, विकायला बसते. पण गुडघे थकले की हातातला पैसा आटतो आणि घरातला शब्दही. मग औषध उद्यावर ढकललं जातं, पासबुक मुलाच्या कपाटात जातं, दिवसचे दिवस कुणी बोलत नाही. हात उगारला नाही म्हणजे छळ नव्हे, हा समज आधी सोडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठीपुढच्या सुमारे सहांपैकी एकाला वर्षभरात कुठला ना कुठला छळ सोसावा लागतो.

मला आज मुख्यतः घराबद्दल बोलायचं आहे. मुंबईत किनाऱ्यालगतच्या दोन खोल्यांनाही आज मोठं मोल आहे. “आई, तुझ्या नावावर काय नि माझ्या नावावर काय,” असं म्हणत मुलगा कागद पुढे करतो. बहुतेक मुलं ते सरळ मनानंच म्हणतात. तरीही तो कागद कसला, हे विचारा. मृत्युपत्र तुमच्या पश्चात लागू होतं, जिवंतपणी केव्हाही बदलता येतं. बक्षिसपत्रानं मात्र घर आजच जातं.

द्यायचंच असेल, तर ‘मला मरेपर्यंत सांभाळायचं, या घरात राहू द्यायचं’ ही अट त्याच कागदात लिहून घ्या. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 या अटीवर उभं आहे. अट मोडली तर बक्षिसपत्र रद्द होऊ शकतं. अट होती हे दाखवता आलं नाही, तर हे कलम कामी येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये सांगितलं. उलट जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईला त्याच न्यायालयानं घर परत मिळवून दिलं. सांभाळण्याचं वचन मुलानं लेखी दिलेलं होतं.

मुलाविरुद्ध जायला आईचं मन धजत नाही, हे मी जाणतो. पण याच कायद्याखाली करता येणारा पोटगीचा अर्ज म्हणजे फौजदारी खटला नव्हे. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे तो करता येतो, वकील लावायची सक्ती नाही. तिला जमत नसेल, तर तिनं अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्थाही अर्ज करू शकते.

शेजाऱ्यांनो, रोज दिसणारी म्हातारी चार दिवस दिसली नाही, तर दार वाजवा. ती एकटी असताना बोला. शंका आली, तर ज्येष्ठांसाठीच्या 14567 या मोफत क्रमांकावर फोन करा. जिवाला धोका वाटला, तर थेट 112 वर.