कुत्र्याची संमति

कॅलिफोर्नियांत सर्फिंग, म्हणजे फळीवरून लाटांवर स्वारी करणारे कित्येक लोक आपल्या कुत्र्यासहि बरोबर नेतात. न्यावें काय? तेथील रिकोशे नांवाची कुत्री अपंगांच्या सेवेसाठीं शिकविली जात होती. पण पक्षी दिसतांच ती मागें धांवे, म्हणून नापास ठरली. तीच २००९ सालापासून अपंग मुलांच्या फळीवर उभी राहून तोल सांभाळूं लागली.

चाळीस वर्षें वर्गांत काढलेल्या मला ही कथा ओळखीची वाटते. शिक्षणाचा क्रम मात्र मोडूं नये. आधीं कोरड्या वाळूवर फळीची ओळख, मग उथळ पाणी. अंगांत तरंगतें जाकीट हवेंच. कुत्रा उतरून किनाऱ्याकडे वळला, तर तेंच त्याचें उत्तर. त्यास पुन्हां चढविणें हें शिक्षण नव्हे, सक्ती होय. हा भेद वर्गांत मी फार उशिरां शिकलों.