स्वावलंबी शिक्षण



कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. तेथील मुले स्वतः स्वयंपाक करीत, शेतात राबत आणि शिकत. श्रमाने खर्चाला हातभार लागेच. शिवाय आपले शिक्षण ही आपलीच जबाबदारी आहे, ही जाणीव मुलांत रुजे.

आज पुष्कळ घरांत शाखा पालक निवडतात, वेळापत्रक शिकवणीवर्ग ठरवितो. मुलाच्या वाट्याला उरते केवळ पाठांतर. त्याला गुण मिळतील, पण ज्ञानाची ओढ लागेल काय? शिक्षकांनी उत्तर सांगण्याची घाई करू नये. मुलाला शोधू द्यावे, चुकू द्यावे. पालकांनी त्याच्या अभ्यासाचा एखादा तरी निर्णय त्याच्यावर विश्वासाने सोपवावा.