हातचा न येणारी संख्या

(वसंत व्याख्यानमाला, कोल्हापूर)



जयंत नारळीकरांच्या जन्मगावी गणितावर बोलायला मिळते आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. आज आपण एकच संख्या घेऊ: १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी. डावीकडून वाचा किंवा उजवीकडून, तीच राहते.

अशा संख्यांचा अभ्यास करणारे गणितज्ञ दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले. फर्ग्युसनमध्ये शिकताना, १९२७ साली, त्यांनी रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळवले आणि १९३०पासून १९६२पर्यंत देवळालीला शाळेत शिकवले. त्यांचा ६१७४ हा स्थिरांक पुष्कळांना ठाऊक असतो. पण आपली संख्या त्यांच्या ‘डेमलो’ संख्यांपैकी आहे. डेमलो म्हणजे आजचे डोंबिवली. तिथल्या स्टेशनावर त्यांना ही कल्पना सुचली.

ही संख्या म्हणजे १११११११११ चा, नऊ एकांचा, वर्ग. शाळेत करायचो तसा गुणाकार मांडा. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. आता उभी बेरीज करा. एककाच्या घरात एक, दशकाच्या घरात दोन, शतकाच्या घरात तीन. मधल्या घरात नऊ, आणि तिथून पुन्हा उतरत एक. कुठेही हातचा येत नाही. सारे सौंदर्य एवढ्या एका गोष्टीत आहे.

याच गोष्टीतून पुढचे निघते. हातचा नसला की गुणाकारातील अंकांची बेरीज ही मूळ संख्यांच्या अंकांच्या बेरजांचा गुणाकार असते: ९ × ९ = ८१. शिवाय नऊ एकांना ९ ने भाग जातो, म्हणून त्यांच्या वर्गाला ८१ ने जातो. आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्येला कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटले. भागून पाहा, १२३४५६७९ चा वर्ग मिळेल.

आता दहा एक घ्या. मधल्या घरात दहा येतात: शून्य, हातचा एक. शेजारच्या नवात तो मिळाला की पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. ते उलटे वाचले तर तेच राहत नाही. अंकांची बेरीज १०० हवी होती, ती ८२ भरते. कारण प्रत्येक हातचा दहा घेऊन एक देतो, म्हणजे बेरजेतून नऊ जातात; इथे हातचे दोन, म्हणून अठरा गेले.

गंमत दिसणे ही सुरुवात, ती का घडते आणि कुठे मोडते हे शोधणे म्हणजे गणित. कापरेकरांनी हे काम शाळा सांभाळून केले, आपल्या पुस्तिका स्वतः छापल्या. १९७५ साली गणितावर लिहिणारे लेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष गेले.

इथे बसलेल्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. हा गुणाकार फळ्यावर मांडा. नऊ एकांपर्यंत मुलांना नक्षी पाहू द्या, आणि दहाव्याला ती का मोडली हे सांगू नका. मुलांना ते स्वतः शोधता येते.