न सुटलेला बाण



बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलणारा मनुष्य आज शिकारीवर बोलणार, हे पत्रिकेत वाचून काहींना हसू आले असेल. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण लेथवर आणि युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटापाशी झाले. शिकार मी कधी केली नाही. पण २०१८ सालच्या एप्रिलात अमेरिकेतील मिझुरी राज्यात एका निवृत्त मोटार-कामगाराच्या घरी आठ दिवस राहिलो आणि एका पहाटे त्यांनी मला आपल्या लपणात शेजारी बसवून घेतले. त्या पहाटेची ही हकीकत.

तिथला रान-टर्की म्हणजे आपल्या मोराचा लांबचा भाऊबंद. वसंतात नर पिसारा फुलवतो, उजाडता उजाडता झाडावरूनच गडगडाटासारखा ओरडतो आणि माद्या त्याच्याकडे जातात. शिकारी हा क्रम उलटा करतो. तो मादीची हाक काढतो आणि नराने आपल्याकडे यावे म्हणून वाट पाहत बसतो. आपल्याकडे पारधी पाळीव तित्तराच्या हाकेवर रानातला तित्तर बोलवीत, त्याच जातीची ही युक्ती. मात्र दाणे टाकून पक्षी बोलावणे तिथे गुन्हा आहे.

या पक्ष्याला वासाची जाण फारशी नाही. नजर मात्र अशी, की मान किंचित वळवली की चहूकडचे दिसते. बंदूकवाला झाडाला टेकून निश्चल बसू शकतो. धनुर्धाऱ्याला दोरी ओढावीच लागते, आणि ती ओढतानाच पक्षी पळतो. म्हणून लपण. कापडाचा लहानसा तंबू, मागच्या खिडक्या बंद, पुढची एक फट उघडी, आत काळोख आणि आपण काळ्या कपड्यांत. नवल असे, की मोकळ्या शेतात रातोरात उभा राहिलेला तंबू टर्कीला खटकत नाही. त्यातली हालचाल तेवढी खटकते.

धनुष्य पाहून माझ्यातला लेथवाला जागा झाला. दोन टोकांना मध्यबिंदू सोडून बसवलेली चाके. ओढताना आधी जोर लागतो, पुरते ओढले की भार एकदम उतरतो आणि नेम धरून मिनिटभर थांबता येते. मिझुरीच्याच होलेस ॲलन या गृहस्थांना १९६९ साली याचे पेटंट मिळाले. शोध साधा आहे, पण थांबण्याची सोय माणसाच्या हाती देणारा आहे.

साडेसहाच्या सुमारास नर आला. समोर सहा-सात पावलांवर एक बनावट मादी आणि एक बनावट कोवळा नर ठेवला होता. खरा नर त्या कोवळ्या नराशी भांडायला छाती काढून उभा राहिला. फुललेला पक्षी केवढा तरी दिसतो, पण ती सारी पिसे. बाण जिथे लागायला हवा ती जागा मुठीएवढी. बाण चुकला तर जखमी पक्षी झाडीत जाऊन मरतो आणि सापडत नाही. यजमानांनी दोरी ओढली. मी श्वास धरला. तेवढ्यात एक खरी मादी त्याच्यामागे येऊन उभी राहिली. बाण आरपार जातो. यजमान थांबले, थांबतच राहिले. शेवटी हात कापू लागले तेव्हा त्यांनी दोरी सावकाश सैल सोडली. ती हालचाल नराने टिपली आणि तो गेला.

मी म्हटले, "दादा, मादी जराशी मागेच होती." ते म्हणाले, "छातीवर दाढी नसलेली मादी मारायची नाही, असा कायदा आहे. आणि कायदा नसता तरी तिच्या पोटात यंदाची अंडी आहेत."

या उत्तरामागे मोठा इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी जंगलतोड आणि बेसुमार शिकार यांनी हा पक्षी अनेक राज्यांतून नाहीसा झाला होता. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडून पाहिले; ते जगले नाहीत, त्यांना रान शिकवणारी आई नव्हती. मग रानातलेच पक्षी जाळ्यात धरून रिकाम्या रानांत नेऊन सोडले. याला पैसा कुठून आला? १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यप्राण्यांसाठी बांधला गेला. १९७२ साली धनुष्यबाणांवरही असाच कर बसवण्याचा कायदा झाला. म्हणजे वर्गणीच म्हणा! आज तिथे हे पक्षी लाखांनी मोजतात. त्याच १९७२ साली आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकार जवळजवळ पुरती बंद झाली. दोन देश, दोन वाटा. आपली वाट मला अधिक मानवते, पण रानासाठी आपण खिशातून काय देतो, हे मी त्या दिवसापासून स्वतःलाच विचारीत आलो आहे.

विणीच्या दिवसांत नर मारावा का, ही शंका मी काढलीच. एक नर अनेक माद्यांना पुरतो आणि बहुतेक माद्या अंड्यांवर बसायच्या बेतात आल्या म्हणजे हंगाम उघडतात, असे ते म्हणाले. माझे पुरते समाधान झाले नाही. अलीकडे तिथल्या कित्येक राज्यांत संख्या पुन्हा घटली आहे, आणि हंगाम फार लवकर उघडतो का, यावर तिथलेच जाणकार वाद घालीत आहेत.

निघताना यजमानांनी मला हाक काढायची लाकडी डबी दिली. झाकणाला खडू लावून ती कडेवर घासायची असते. ती मी आज बरोबर आणली आहे. मागच्या रांगेतल्यांना ऐकू आले नाही तर सांगा, पुन्हा वाजवतो.